घरची गाडी

काझिमिएर्झ म्रोचेक हे नाव पूर्ण उच्चारायला घेतलं, तर तेवढ्यात लाइनवरून एक गाडी पुढे निघून जायची. म्हणून कारखान्यात सगळे त्याला काझ म्हणत. मिनिटाला एक गाडी अशी ती लाइन चाले. काझ तिच्या कडेला सव्वीस वर्षं उभा होता आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं त्याच्याकडे एकच काम होतं. खालच्या मजल्यावरून साखळीला लटकत येणारं इंजिन आणि समोरून येणारी गाडी, या दोघांची सोयरीक बरोबर जुळते आहे ना, हे चिठ्ठीवर पाहायचं.

चिठ्ठी म्हणजे हातभर लांबीचा छापील कागद. रंग कोणता, सीटचं कापड कसलं, रेडिओ हवा की नको, इंजिन कुठलं, सगळं त्यावर आकड्यांत असे. गाडी येण्याच्या तीन तास आधी ती काझकडे यायची. तो ती तपासून तिची नक्कल खाली पाठवायचा आणि मग खालचे लोक त्याप्रमाणे इंजिन चढवायचे. चिठ्ठी फाटली किंवा तेलाने माखली, तर नवी हाताने लिहायची. ती लिहिताना काझ साताच्या दांडीवर आडवी रेघ मारायचा. डेट्रॉईटजवळच्या हॅमट्रॅमॅकमधल्या पोलिश शाळेत नन्सनी छडीने शिकवलेली ती रेघ होती, आणि अख्ख्या कारखान्यात तसा सात दुसरं कुणी काढत नसे.

"आला बघा काझचा सात, पट्टा आवळून!" लाइनवरचा त्याचा शेजारी ओटिस टार्व्हर दर वेळी म्हणायचा. "माझ्या पोटाला जमत नाही ते तुझ्या आकड्याला जमतं रे."

गाडी पुरी झाली की सीट बसवणारे लोक ती चिठ्ठी घडी घालून मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खुपसून द्यायचे. का, तर टाकायला जागा नाही आणि जागा शोधायला वेळ नाही. मालक त्या कागदावर बसून आयुष्यभर फिरायचा आणि त्याला त्याचा पत्ताही नसायचा.

या लाइनवरून चौसष्ट साली ब्लॅकजॅक निघाली. मध्यम अंगाची, चार माणसांची साधी गाडी; तिच्या पोटात कंपनीने आपलं सर्वांत दांडगं इंजिन कोंबलं आणि कुणाला काही कळायच्या आत सगळं डेट्रॉईट वेडं झालं. वूडवर्ड अॅव्हेन्यूवर संध्याकाळी लोक खुर्च्या टाकून बसायला लागले, नुसत्या गाड्या पाहायला. एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत कोण पुढे जातं यावर दोस्त्या जुळत आणि तुटत. दर वर्षी कंपनी इंजिन वाढवी, दर वर्षी तरुण पोरं पगाराचं पाकीट घेऊन दुकानात उभी राहत. काझ बेकरीत शिरला तर बेकरीवाला ओरडायचा, "अरे, यांना आधी द्या! ब्लॅकजॅक बनवतात ते!" काझ मान खाली घालायचा, पण छाती काही केल्या खाली जायची नाही. त्याचा मुलगा रे तेव्हा पंधरा वर्षांचा होता. नुसत्या आवाजावरून, गाडी दिसायच्या आधी, इंजिन कुठलं ते सांगायचा आणि कधी चुकायचा नाही.

मग एकेक मयत निघायला लागली. रेच्या बरोबरीचा झिगी पाव्हलाक पुलाच्या खांबावर गाडी आदळून गेला. त्याचा मामा कारखान्यात रंगखात्यात होता, म्हणून झिगीची ब्लॅकजॅक लाइनवर 'घरची' म्हणून गेली होती. आपल्यापैकी कुणाची किंवा कुणाच्या नातलगाची गाडी आली की काचेवर खडूने फुली मारायची, ही तिथली रीत. फुली दिसली की जो तो आपलं काम दोनदा करी. सोमवारची, दारू न उतरलेली पोरंसुद्धा त्या एका गाडीपुरती शुद्धीवर येत. झिगीचं इंजिन काझने स्वतः दोनदा तपासून दिलं होतं. शवपेटीला खांदा देताना त्याच्या मनात तेच होतं, की आपण किती नीट तपासलं. विमा कंपन्या तरुणांना दारातूनच परत पाठवायला लागल्या, फादर वेदीवरून बोलायला लागले, आणि कंपनीने मात्र पुढच्या वर्षी आणखी मोठं इंजिन काढलं.

झिगीच्या मयतीला रे नव्हता; त्याच्या थोडं आधीच त्याला सैन्यात बोलावलं होतं, आणि पुढे तो व्हिएतनामला गेला.

त्याची पत्रं यायची ती दिवस मोजत यायची. एकशे ऐंशी उरले, एकशे साठ उरले. सत्तर सालच्या मार्चमध्ये त्याने लिहिलं की तळावरच्या दुकानात आता गाड्यांची नोंदणी करून घेतात. घरी परतलं की गाडी दारात उभी. 'मी ब्लॅकजॅक ४२८ मागवली आहे, सर्वांत मोठ्या इंजिनाची. गडद हिरवी, पांढरे पट्टे. चिठ्ठीवरचा इंजिनाचा आकडा चौसष्ट, मला पाठ आहे. बाबा, ती तुमच्याच लाइनवरून येईल. चिठ्ठीवर लक्ष ठेवा.'

काझच्या बायकोने, स्टेफाने, पत्र वाचलं, घडी घालून साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि पुन्हा शेगडीकडे वळली. तव्यावर किएल्बासा, म्हणजे पोलिश सॉसेज होते.

"तिथून वाचून येईल आणि इथे या गाडीत मरेल," ती म्हणाली. "एवढ्या गाड्या बनवतोस काझ, एक जरा हळू पळणारी बनवता येत नाही का रे?"

बोलून ती विसरली. सॉसेज उलटले, कोबी वाढला, बाहेर वाळत घातलेले कपडे आणायला गेली. काझ ताटावर बसून राहिला. त्याला खाववेना.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी ती चिठ्ठी आली. गडद हिरवी, पांढरे पट्टे, इंजिन चौसष्ट. खाली मालकाचं नाव नव्हतं, पण लष्करी नोंदणीचा शिक्का होता आणि क्रमांक काझने रेच्या पत्रातून उतरवून खिशात ठेवला होता तोच होता. त्याने अंगठा ग्रीसच्या डब्यात बुडवला आणि कागदावर ओढला. मग कोरी चिठ्ठी घेतली आणि सगळे आकडे एकेक करून उतरवले. इंजिनाच्या चौकटीत त्याने चौसष्टऐवजी सदुसष्ट लिहिलं.

सदुसष्ट म्हणजे धाकटं इंजिन. बायका मुलांना शाळेत सोडायला नेत त्या गाड्यांत बसायचं ते. वरून पाहिलं तर दोघं सख्खे भाऊ. तेच अंग, तोच रंग, फरक सगळा आत. फेंडरवरचे ४२८चे बिल्ले वेगळ्या यादीवरून यायचे, त्यांना काझने हात लावला नाही. नक्कल खाली गेली. गाडी यायला तीन तास होते. तीन तासांत तो कधीही खाली जाऊन म्हणू शकला असता, बाबांनो चूक झाली, दुरुस्त करा. त्याने जेवणाचा डबा उघडला आणि बंद केला. खाली मात्र तो गेला नाही.

दुपारी ती हिरवी गाडी वळणावर दिसली तेव्हा ओटिसने स्वतः तिच्या काचेवर हातभर फुली काढली आणि दोन्ही हातांचा भोंगा करून ओरडला, "ए, ऐका रे! आपल्या रेची आहे ही! लढाईवरून मागवलीय पोराने! एक स्क्रू सैल राहिला तर माझ्याशी गाठ आहे!"

लाइनवर एवढं प्रेम काझने कधी पाहिलं नव्हतं. दारवाल्यांनी दार तीनदा लावून पाहिलं. शिवणखात्यातल्या बायकांनी सीटची एक शिवण उसवून पुन्हा घातली. रंगाला कुणी बाहीचं बटण लागू दिलं नाही. झिगीच्या मामाने येऊन गालिच्याखाली प्रवाशांना जपणाऱ्या संत ख्रिस्तोफरचं पदक सरकवलं आणि काही न बोलता परत गेला. साखळीवरून इंजिन आलं. काझने चिठ्ठी पाहिली, इंजिनावरचा आकडा पाहिला, दोन्हीकडे सदुसष्ट होतं, आणि त्याने हात वर केला. जुळलं.

रे ऑगस्टमध्ये परतला. दाराकडे पाठ करून बसत नव्हता, जेवताना ताटाभोवती हात ठेवायचा, आणि कुणी काही विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचा. दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा मात्र तो तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि छतावर तळहात टेकवून उभा राहिला. स्टेफा खिडकीत रडत होती. खूप दिवसांनी तो तिला तिचा मुलगा दिसला.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि रेची मान जराशी कलली, लहानपणी कलायची तशीच.

"आवाज जरा..." तो म्हणाला.

"नवी आहे रे," काझ म्हणाला. "मोकळी व्हायला वेळ लागतो."

सप्टेंबरच्या एका रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, दोघं शर्यतीच्या मैदानावर गेले. वाटेत रे आपणहून बोलला. "तिथे चिखलात बसून मी ही गाडी मनात जोडायचो, बाबा. आधी दारं. मग चाकं. मग इंजिन खाली उतरवायचो, अगदी सावकाश. ते बसलं की मला झोप लागायची." काझने खिडकीबाहेर पाहिलं. इतकं सलग रे परत आल्यापासून बोललाच नव्हता.

पाव मैलाची सरळ पट्टी, टोकाला घड्याळ, आणि घड्याळवाला खिडकीतून वेळेचा कागद देतो. रेच्या शेजारी नेमकी दुसरी ब्लॅकजॅक लागली, त्याच वर्षाची, तेच पट्टे. ती चौदा सेकंदांच्या आत गेली. रेच्या कागदावर सोळा होते. दुसऱ्यांदा सोळा. तिसऱ्यांदाही सोळाच.

"काय राव, बिल्ला कितीला घेतला?" त्या दुसऱ्या पोराने खिडकीतून विचारलं. "माझ्या आजीच्या स्टेशन वॅगनला पण एक हवाय!"

कुंपणावर टेकलेले सगळे खो खो हसले. रे हसला नाही, चिडलाही नाही. कागद घडी करून खिशात ठेवला. परतताना म्हणाला, "मला हरण्याचं काही नाही. पण काहीतरी चुकलंय. कारखान्यात विचाराल?"

"सोमवारी विचारतो," काझ म्हणाला.

सोमवार आला, गेला. काझ घरी येऊन म्हणाला, कार्ब्युरेटर असेल. पुढच्या सोमवारी म्हणाला, पेट्रोल खराब येतंय हल्ली. त्याच्या पुढच्या सोमवारी म्हणाला, प्लग बदलून बघ. रे सगळं करत गेला. ऑक्टोबरभर तो कामावरून आला की बॉनेट उघडून आत वाकायचा, बोटांची सालटी काढून घ्यायचा, आणि काझ बाजूला उभा राहून त्याला पाने द्यायचा. नव्हतंच त्या गाडीत काही बिघडलेलं. ती अगदी नीट, दोनदा तपासून, फुली मारून बांधलेली गाडी होती. बापाने मुलाला त्यात काय बिघडलंय ते शोधायला लावलं होतं आणि वर हातात पानेही दिले होते. हा माणूस वाईट नव्हता, हेच सांगताना जास्त राग येतो.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी काझ आणि स्टेफा बाजार करून आले. गॅरेजचं दार उघडं होतं. हिरव्या गाडीची मागची सीट जमिनीवर पडली होती आणि बॉनेटवर, पान्याखाली दाबून, घड्या पडलेला एक कागद होता. स्टेफा पिशव्या घेऊन आत गेली. काझ थांबला.

"लहानपणी तुम्हीच सांगितलं होतंत," रे म्हणाला. "चिठ्ठी सीटमध्ये असते म्हणून. आज आठवलं."

रेने कागदावर बोट ठेवलं.

"हा सात कुणाचा, बाबा?"

"झिगीला मी खांदा दिला, रे. तू नव्हतास. तुला माहीत नाही ती पेटी किती हलकी होती."

"मी झिगी नाही."

"तुझी आई म्हणाली..." काझने सुरुवात केली आणि तिथेच तोडलं. "कुणी काही म्हणालं नाही. मीच केलं. तू जिवंत राहावास म्हणून केलं."

"मला ती पळवायचीसुद्धा नव्हती." रेचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "वर्षभर तिथे जो येईल तो काहीतरी सांगायचा आणि ते खोटं निघायचं. टेकडी रिकामी आहे. हेलिकॉप्टर दहा मिनिटांत येतंय. त्या सगळ्यात एक आकडा मी खरा धरला होता. कारण तो तुमच्या हातून जाणार होता."

"इंजिन बदलू आपण. ओटिसला सांगतो, दोन शनिवारांत..."

"महिनाभर मला पाने देत होतात तुम्ही," रे म्हणाला. त्याने सीट उचलली, जागेवर बसवली, दोन्ही हातांनी दाबून खटकन लावली आणि घरात गेला. चिठ्ठी बॉनेटवरच राहिली.

डिसेंबरात त्याने पुन्हा सैन्यात नाव घातलं. स्टेफा त्याच्या पाया पडायची बाकी राहिली. "अरे, सुटून आलास ना एकदा! कुणी बोलावलंय का तुला? कुणाशी भांडलास? बाबांशी काही झालं का?" रेने आईला जवळ घेतलं आणि म्हणाला, काही झालं नाही, इथे जीव रमत नाही. बापाला त्याने आईसमोर उघडं पाडलं नाही. काझला ते नंतर सर्वांत जास्त लागलं.

बसस्टँडपर्यंत काझनेच त्याला त्या गाडीतून नेलं. रस्त्यावर बर्फ होतं. उतरताना रेने दारावर हात ठेवला.

"दार किती छान लागतं नाही?" तो म्हणाला. "जपून जा, बाबा." टोमणा होता की नाही, हे काझला कधीच ठरवता आलं नाही.

मार्चमध्ये गणवेशातली दोन माणसं घरी आली. स्टेफा एकटीच होती. काझला लाइनवरून बोलावून घेतलं तेव्हा ओटिसने काही न विचारता त्याच्या जागी उभं राहून चिठ्ठ्या हातात घेतल्या. ज्या टेकडीवर रे गेला तिचं नाव अधिकाऱ्याला नीट उच्चारता येत नव्हतं. मयतीला झिगीचा मामा आला होता. "निदान गाडीत नाही गेला," तो काझचा हात धरून म्हणाला. तो चांगल्या मनानेच म्हणाला. काझने मान हलवली.

शेगडीपाशी आपण काय बोललो होतो ते स्टेफाला कधी आठवलं नाही, आणि काझने ते तिला कधी आठवू दिलं नाही. चिठ्ठीचंही त्याने कुणाला सांगितलं नाही. हिरवी गाडी ताडपत्रीखाली गेली.

इकडे ब्लॅकजॅकलाही उतरती कळा लागली. एकाहत्तरमध्ये धुराचे नवे नियम आले आणि कंपनीने इंजिनांचा जोर कमी केला. बहात्तरमध्ये ४२८ बंदच झालं. त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात पेट्रोलच्या रांगा लागल्या आणि लोक छोट्या गाड्या घेऊन वूडवर्डवरून मुकाट्याने घरी जायला लागले. कंपनीने पट्टे मात्र रुंद केले, बॉनेटवर खोटी नाकपुडी बसवली, बिल्ला दुप्पट मोठा केला.

"बाहेरून पैलवान, आतून पेज प्यायलेला," ओटिस म्हणायचा. तो आता फोरमन झाला होता. "काझ, ही विकत घेणाऱ्याचं मला नवल वाटतं. बिचाऱ्याला बिल्ल्यावर भरवसा असतो रे."

काझ हसायचा नाही. आता सगळ्यांच्याच पोरांना सदुसष्ट मिळत होतं.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये शेवटची ब्लॅकजॅक निघाली. फोटोवाले आले नाहीत. दुसऱ्या पाळीनंतर लाइन बदलणार होती आणि निम्म्या लोकांना घरी बसवणार होते, त्यामुळे साहेब लोकही फिरकले नाहीत. जुन्या लोकांनी आतल्या पत्र्यावर खडूने आपापली नावं लिहिली. ओटिसने काचेवर फुली काढली. ती कुणाच्याच घरची नव्हती, आयोवातल्या कुठल्याशा दुकानात जाणार होती. पण फुली काढायची वेळ पुन्हा येणार नव्हती.

तिची चिठ्ठी सकाळीच काझकडे आली होती. रंग गडद हिरवा. इंजिन सदुसष्ट, छापील. काझने अंगठा ग्रीसमध्ये बुडवून कागदावर ओढला, कोरी चिठ्ठी घेतली, सगळे आकडे नीट उतरवले, आणि इंजिनाच्या चौकटीत चौसष्ट लिहून नक्कल खाली पाठवून दिली.

गाडी त्याच्यासमोर आली आणि साखळी रिकामीच आली. लाइन थांबली. सव्वीसची तीस वर्षं झाली होती, पण काझच्या जागेवर लाइन पहिल्यांदा थांबली. खालून फोन खणखणला, कुणीतरी शिव्या देत होतं, आणि मग ओटिस हातात चिठ्ठी नाचवत आला.

"काय रे काझ, चढलीय का सकाळीच? खालचे मला खातायत. हे इंजिन बंद होऊन दोन वर्षं झाली!"

"माहीत आहे."

"माहीत आहे तर लिहिलंस कशाला?"

"पोराने मागितलं होतं," काझ म्हणाला. "मागितलं तेच द्यायला पाहिजे होतं."

ओटिसने चिठ्ठीकडे पाहिलं, मग गाडीकडे. हिरव्या रंगाकडे, आपणच काढलेल्या फुलीकडे. त्याचा हात सावकाश खाली आला.

"काझ," तो हळू आवाजात म्हणाला, "त्या वेळी तू काय लिहिलं होतंस?"

काझने सांगितलं.

लाइनवर दूरवर माणसं उभी होती, कपाळाशी हात आडवा धरून इकडे बघत. कुणीतरी ओरडलं, "झोपले का रे तिकडे?" ओटिसने खिशातून कोरी चिठ्ठी काढली, काझसमोरच्या फळीवर ठेवली आणि पेन्सिल पुढे केली.

"लिही," तो म्हणाला. "लाइन थांबलीय."

काझने रंग लिहिला, सीटचं कापड लिहिलं, रेडिओ लिहिला. इंजिनाच्या चौकटीत त्याने सहा काढला आणि तिथे त्याचा हात थांबला. ओटिसने थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याने काझच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली आणि सहाच्या पुढे स्वतः सात लिहिला, साधा, बिनरेघेचा. चिठ्ठी खाली गेली, थोड्या वेळाने साखळीवरून इंजिन आलं, आणि काझने दोन्ही आकडे पाहून हात वर केला.